घरचा कोबा आणि गवंड्याचे हात



व्याख्यानमालेचे चिटणीस निमंत्रण घेऊन आमच्या कचेरीत आले, तेव्हा कामगार चळवळीच्या भवितव्यावर आम्ही काही बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, "आम्ही कोब्यावर बोलू." चिटणीस हसले. मग त्यांच्या लक्षात आले की आम्ही थट्टा करीत नाही. ते गप्प झाले, आणि भला माणूस म्हणून होकार देऊन गेले. तेव्हा आजचे व्याख्यान आपणांस रुक्ष वाटले तर दोष त्यांचा नव्हे, आमचा आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. शाळा-कॉलेजच्या बाहेर राहिलेल्या माणसालाही ज्ञान मिळावे, हा त्यामागचा हेतू. त्या बाहेर राहिलेल्यांपैकीच आम्ही एक. सातवीनंतर आमची शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी डोक्यावर घमेले आले. सीताबर्डीला जुनी पुस्तके स्वस्तात मिळत. तेथे आमचे कॉलेज झाले. पुढे घमेले सुटले आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेचे काम गळ्यात पडले, ते आजतागायत आहे. वेदान्तावर आणि इतिहासावर बोलणारे थोर वक्ते या व्यासपीठाने पाहिले आहेत. परंतु आपण सारे येथून घरी जाल, तेव्हा पहिले पाऊल पडेल ते वेदान्तावर नव्हे; ते अंगणातल्या कोब्यावर पडेल. तो कोबा फुटका असेल, तर आज रात्री आपल्याला आमची आठवण येईल.

आजचा विषय एवढाच आहे. घराभोवतीचे सिमेंटचे पृष्ठभाग, म्हणजे अंगण, ओटा, पायऱ्या, न्हाणीचा कोबा आणि गच्ची. ते कसे करावेत, बिघडले तर कसे दुरुस्त करावेत, शोभिवंत कसे करावेत, आणि ते करणाऱ्या माणसाशी कसे वागावे. हा शेवटचा मुद्दा आम्ही मुद्दाम त्यात घातला आहे. तो वगळला तर बाकीचे तीन साधत नाहीत, असा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

प्रथम थोडा इतिहास. सिमेंट ही कोणा पंडिताने प्रयोगशाळेत काढलेली वस्तू आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात इंग्लंडातील लीड्स गावच्या जोसेफ अस्प्डिन नावाच्या विटा रचणाऱ्या गवंड्याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले. चुनखडी आणि चिकणमाती भाजून, दळून केलेली ही भुकटी पाण्यात कालवली की दगड होई. तो दगड पोर्टलंडच्या प्रसिद्ध इमारती दगडासारखा दिसे, म्हणून त्याने तिला 'पोर्टलंड सिमेंट' म्हटले. आजही पोत्यावर आपण ते नाव वाचतो. त्यात पुढे सुधारणा झाल्या, भट्टीची आच वाढली, पण नाव गवंड्याने ठेवलेलेच राहिले. दुसरी गोष्ट फ्रान्सची. जोसेफ मोनिए हा माळी होता. मातीच्या कुंड्या फुटतात आणि लाकडी कुंड्या कुजतात, याला कंटाळून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी तारांची जाळी घालून कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्यांचे पेटंट घेतले. आज ज्या स्लॅबखाली आपण निर्धास्त झोपतो, तिचे मूळ शोधीत गेल्यास वाटेत या माळ्याच्या कुंड्या लागतात. एक गवंडी आणि एक माळी! अशा माणसांना आपण अडाणी म्हणून बाजूस सारतो, म्हणून हे सांगितले.

आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट निघू लागले आणि तेथून हा उद्योग स्थिरावला. आपल्या विदर्भापुरते बोलावयाचे तर चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीचे मोठे साठे आहेत. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर ही नावे सिमेंटमुळेही सर्वतोमुखी झाली. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या राखेसारखी राख सिमेंटमध्ये मिसळतात. रेती म्हटली की नागपूरकराच्या तोंडी कन्हानचे नाव येते, आणि काळ्या पाषाणाची गिट्टी शहराभोवतीच्या खाणींतून मिळते. म्हणजे चांगल्या कोब्याला लागणारे सारे साहित्य आपल्या दाराशी आहे. एके काळी सिमेंटच्या पोत्यासाठी परमिटाची याचना करावी लागे. १९८२ साली निर्बंध काही अंशी उठले आणि १९८९ साली पूर्ण उठले. आता सिमेंट मुबलक आहे. तरीही कोबे फुटतात. याचा अर्थ उणीव सिमेंटची नाही, ती कशाची आहे ते पाहू.

सर्वांत मोठा गैरसमज असा की सिमेंट वाळून घट्ट होते. सभागृहातील दहांपैकी नऊ जण असेच समजत असतील. सिमेंट वाळत नाही. सिमेंट पाणी पिते. पाणी आणि सिमेंट यांचा रासायनिक संयोग होऊन त्यातून सूक्ष्म स्फटिक आणि चिकट द्रव्य तयार होते, आणि ते रेती-गिट्टीच्या कणाकणाला बांधून टाकते. ही क्रिया तासा-दोन तासांत संपत नाही. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश बळ येते, अठ्ठावीस दिवसांत हिशेबी धरावयाचे बळ येते, आणि त्यानंतरही ते हळूहळू वाढत राहते. या काळात पाणी तोडले की संयोग थांबतो आणि कोबा अर्धपोटी राहतो. तान्ह्या मुलाचे दूध तिसऱ्या दिवशी तोडावे आणि मग मूल अशक्त का म्हणून वैद्याशी भांडावे, त्यातला हा प्रकार आहे.

परंतु येथे एक गंमत आहे, आणि ती नीट ध्यानात घ्यावी. कोब्याला पाणी नंतर भरपूर हवे. कालवताना मात्र बेताचे हवे. पन्नास किलोच्या एका पोत्याला पंचवीस लिटरांच्या आसपास पाणी पुरते. शिकागोच्या डफ अब्रॅम्स यांनी असंख्य ठोकळे फोडून पाहिले आणि १९१८ साली नियम सांगितला की सिमेंटच्या मानाने पाणी जितके अधिक, तितके काँक्रीट दुबळे. कारण उघड आहे. संयोगाला नको असलेले पाणी उडून जाते आणि जाताना मागे पोकळ्या सोडते. हा नियम सांगून शंभर वर्षे लोटली, तरी माल सरसरीत व्हावा म्हणून बादली ओतण्याची सवय गेलेली नाही. आधी पाण्याची उधळपट्टी आणि नंतर पाण्याची कंजुषी, या दोन शब्दांत आपल्या बहुतेक फुटक्या अंगणांचे चरित्र येते.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. नावे सांगत नाही; कारण त्यात दोष एकट्याचा नव्हता.

शहराच्या दक्षिणेस काळ्या जमिनीवर एक लेआउट पडले होते. तेथे एका निवृत्त शिक्षकांनी घर बांधले. त्यांना आपण गुरुजी म्हणू. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद अंगणात चार इंची काँक्रीट टाकण्याचे काम त्यांनी एका मिस्त्रीला दिले. मे महिना होता. काम दुपारी झाले. चार महिन्यांत अंगणाला आडव्या-उभ्या भेगा पडल्या आणि पायाखाली पांढरी भुकटी येऊ लागली. गुरुजींनी कामाची बाकी रोखली. मिस्त्री आमच्या कचेरीत आला. त्याच्यासोबत छत्तीसगडकडच्या दोन रेजा होत्या, ज्यांची सहा-सहा दिवसांची मजुरी त्या बाकीत अडकली होती.

आम्ही तावातावाने गेलो. मजुराची मजुरी अडली की आमचा आवाज आपोआप चढतो, ही आमची जुनी खोड आहे. गुरुजींनी आम्हांला पाणी दिले, बसविले, आणि काही न बोलता अंगणात नेऊन चावीने कोबा खरवडून दाखविला. चावीखाली रेती सुटून आली. आमचा आवाज तेथेच खाली आला. आम्ही मिस्त्रीला बाजूस घेऊन विचारले, "पोत्याला पाणी किती टाकलं होतंस?"

"तीन बादल्या, भाऊ," तो म्हणाला. "दुपारची वेळ. माल घमेल्यातच घट्ट होत होता, थापी चालत नव्हती. मी का करू?"

पंधरा लिटरांच्या तीन बादल्या म्हणजे पंचेचाळीस लिटर. बळ निम्म्याहून कमी झाले असणार. मग आम्ही गुरुजींना विचारले, "पाणी किती दिवस मारले?"

"दोन दिवस," ते म्हणाले. "टँकरचे पाणी पिण्यालाच पुरत नव्हते, अंगणाला कोठून घालू? आणि दुपारची वेळ मीच दिली होती. सकाळी मला पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जायचे होते."

झाले! मिस्त्रीने आधी पाणी उधळले, आणि गुरुजींनी नंतर पाणी तोडले. खालची काळी माती कोणी खणून काढली नव्हती, ती पावसाळ्यात फुगली. सांधे कोणी सोडले नव्हते, म्हणून काँक्रीटने आपले सांधे आपणच काढले. त्यांनाच आपण भेगा म्हणतो.

आता या खटल्याचा निवाडा काय करावयाचा? मिस्त्री आमच्या संघटनेचा सभासद होता. पण खोटे बोलून त्याची बाजू घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी खऱ्या सभासदाची बाजूही कोणी ऐकली नसती. आम्ही गुरुजींना एकच प्रश्न केला: "मिस्त्रीची चूक आहे, आपलीही आहे. पण या दोन बायांनी सांगितले तेवढी घमेली वाहिली. त्यांची चूक कोणती?" गुरुजी काही क्षण गप्प राहिले. मग आत जाऊन त्यांनी रेजांची मजुरी आणून त्यांच्या हातांत दिली. उरलेल्याचा तोडगा असा निघाला की सर्वांत वाईट झालेले अर्धे अंगण खणून पुन्हा करावे. साहित्य गुरुजींनी द्यावे, तीन दिवसांची मेहनत मिस्त्रीने द्यावी, आणि काम झाल्यावर बाकी चुकती करावी. ते दुसरे काम कसे केले, ते आता सांगतो. कारण तीच चांगल्या कोब्याची रीत आहे.

पहिली गोष्ट जमीन. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हिच्यावर टाकलेला कोबा म्हणजे श्वास घेणाऱ्या जनावराच्या पाठीवर ठेवलेली पाटी. म्हणून वरची काळी माती जमेल तेवढी, निदान फूट-दीड फूट काढावी आणि तेथे चांगला मुरूम थराथराने, पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. कोब्याचे पाणी घराच्या पायाकडे जाऊ नये, बाहेर जावे. त्यासाठी फुटामागे पाव इंच उतार द्यावा. उतार नजरेने देऊ नये. पाण्याची पारदर्शक नळी आणि दोरी मिस्त्रीजवळ असते, ती वापरावयास लावावी.

दुसरी गोष्ट माप. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी हे अंगणाला साधारण चालते. जेथे मोटार उभी राहावयाची तेथे एक, दीड, तीन घ्यावे. पण हे भाग फावड्याने मोजू नयेत. सिमेंटचे एक पोते म्हणजे सव्वा घनफूट, तेव्हा त्याच मापाची लाकडी पेटी करावी आणि रेती-गिट्टी त्या पेटीने मोजावी. रेती मुठीत दाबून पाहावी. हाताला चिखल लागला तर धुऊन घ्यावी. पोत्यावर सिमेंट कोणत्या आठवड्यात भरले ते छापलेले असते, ते वाचावे. तीन महिने पडून राहिलेले सिमेंट आपले पुष्कळ बळ गमावून बसलेले असते. आणि ओल लागून गोळे झालेले सिमेंट कोणी स्वस्तात देऊ केले, तर त्याला नमस्कार करून घरी यावे.

तिसरी गोष्ट वेळ. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वरून गरम वारा सुटतो. अशा वेळी कोब्याच्या पृष्ठभागावरील पाणी आतून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा लवकर उडते, आणि माल ओला असतानाच त्यावर केसासारख्या भेगा उमटतात. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करावे किंवा सायंकाळी करावे, गिट्टीवर आधी पाणी शिंपडून ती थंड करावी, खालचा मुरूम ओला करून घ्यावा. पहाटे काम केले तर मालही बरा राहतो आणि माणूसही. उष्माघात मालकाला आणि मजुराला वेगळा ओळखत नाही; पण दुपारी उन्हात उभा असतो तो मजूर.

चौथी गोष्ट सांधे. काँक्रीट घट्ट होताना किंचित आक्रसते, हा त्याचा स्वभाव आहे. चार इंच जाडीच्या अंगणात आठ-दहा फुटांवर सांधा सोडावा, आणि तो जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका खोल असावा. घरातील पातळ कोब्याचे चौक याहून लहान, दोन चौरस मीटरांच्या आत ठेवावेत. जुने कारागीर मध्ये काचेच्या पट्ट्या बसवीत, ती केवळ नक्षी नव्हती. भेग कोठे पडावी हे त्यांनी भेगेला आधीच सांगून ठेवलेले असे.

पाचवी गोष्ट शेवटचा हात. वर आलेले पाणी जिरण्याची वाट पाहावी आणि मगच रंधा फिरवावा. पुष्कळ मिस्त्री ते पाणी टिपण्यासाठी वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात. त्या दिवशी कोबा आरशासारखा दिसतो आणि वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात. अंगणाला आणि पायऱ्यांना आरशासारखी घोटाई करूच नये. ओल्या मालावरून खराट्याचा हलका हात फिरवावा, म्हणजे बारीक रेघा उमटतात आणि पावसाळ्यात पाय घसरत नाही. घसरून मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचा खर्च कोब्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो.

सहावी आणि शेवटची गोष्ट पाणी. दुसऱ्या दिवशी मातीची लहान लहान आळी करून अंगणात पाणी भरून ठेवावे, किंवा ओली गोणपाटे अंथरून ती कधीही वाळू देऊ नयेत. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, आपल्यासारख्या कोरड्या उष्ण हवेत दहा दिवस, आणि राख मिसळलेले सिमेंट असेल तर चौदा दिवस. आज बाजारात बहुतेक राखेचेच मिळते. तेव्हा चौदा हाच आकडा पाठ करावा. पाणी कमी असेल तर गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद घालावा, अगदी थोड्या पाण्यात भागते. गुरुजींनी काय केले ठाऊक आहे? त्यांनी ओसरीच्या भिंतीवर खडूने एक ते चौदा आकडे लिहिले आणि रोज एकेक खोडीत गेले. शाळामास्तर तो शाळामास्तरच! त्या अर्ध्या अंगणावर पुढे नातवंडे सायकली शिकली. उरलेले अर्धे मात्र भुकटी देत राहिले आणि शेवटी तेही त्यांनी त्याच मिस्त्रीकडून करून घेतले.

आता दुरुस्तीकडे वळू. भेग दिसली की तिच्यात सिमेंटचे पाणी ओतावे, ही आपली सार्वत्रिक वैद्यकी आहे. पण रोग ओळखल्याशिवाय औषध कसे देणार? भेग जिवंत आहे की मेलेली, हे आधी पाहावे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना घट्ट चिकटवावी आणि तारीख लिहून ठेवावी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊनही काच शाबूत राहिली, तर भेग मेलेली. काच तडकली तर खालची जमीन अजून हलते आहे. अशा भेगेत सिमेंट भरणे व्यर्थ, तेथे लवचीक भरण घालावे आणि मूळ कारण, बहुधा पायाशी मुरणारे पाणी, ते बंद करावे.

मेलेली भेग छिन्नीने थोडी रुंद करून घ्यावी. मग झाडावे. येथे गाडगेबाबांचे स्मरण करून खराटा हातात घ्यावा; कारण धुळीवर चिकटलेला माल धुळीसकट निघतो. जुना कोबा रात्रभर पाणी पाजून ठेवावा, पण भरताना वर साचलेले पाणी नको. आधी घट्टसर सिमेंटचा हात ब्रशाने चोळावा आणि तो ओला असतानाच एकास तीन मसाला दाबून भरावा. नंतर पुन्हा पाणी, तेच चौदा दिवस. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा दिसला तर तो ओलाव्याने वर आणलेला क्षार असतो. त्यावर रंग लावणे म्हणजे ताप आलेल्याला पावडर लावणे होय. ओल कोठून येते ते शोधावे.

एका दुखण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. सज्ज्याच्या किंवा स्लॅबच्या खालून पोपडे निघाले आणि गंजलेली सळई दिसू लागली, तर ती नुसती छपाईची बाब नाही. लोखंड गंजले की त्याचे आकारमान काही पटींनी वाढते आणि ते वरचे काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर पुन्हा छपाई केली तर पुढचे पावसाळे आत गंज वाढतच राहतो, आणि एक दिवस तो सज्जा कोणाच्या तरी डोक्यावर येतो. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट खोदून, गंज घासून, प्रतिबंधक लेप देऊन मगच ते भरावे लागते. आणि गंज फार असेल तर इंजिनियरला दाखवावे. येथे मिस्त्रीचे आणि आमचे ज्ञान संपते, हे कबूल करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

आता शोभेविषयी. गरीब माणसाला शोभा नको असते, असा एक समज आहे. आम्ही झोपडपट्टीत वाढलो; तेथील प्रत्येक दाराशी रांगोळी असे. आपल्याकडे तांबड्या कोब्याची एक सुंदर परंपरा होती. सिमेंटमध्ये तांबडा लोहरंग कोरडाच, एकजीव होईपर्यंत मिसळून, शेवटचा पातळ हात देऊन घोटीत. रंग सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा, नाहीतर कोबा कच्चा होतो. आणि सारे मिश्रण एकदाच करून ठेवावे, नाहीतर प्रत्येक चौक निराळ्या रंगाचा निघतो. वर्षानुवर्षे पायांनी आणि पुसण्याच्या फडक्याने अशा कोब्याला जी झळाळी येते, ती महागड्या फरशीला येत नाही. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, मुंबईत भारत टाइल्स ही कंपनी निघाली आणि तिने रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या केल्या. या फरश्या भट्टीत भाजीत नाहीत, साच्यात दाबून पाण्यात पक्क्या करतात.

नागपूरकराने गच्चीचा विचार विशेष करावा. फुटलेल्या पांढऱ्या फरशीचे तुकडे मसाल्यात बसवून केलेली गच्ची ऊन परतविते, पाणी अडविते आणि वर दिसावयास सुरेख दिसते. तेवढे न परवडल्यास उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना द्यावा, खालच्या खोलीला फरक कळतो. तुकड्यांपासून काय होऊ शकते हे पाहावयाचे असेल तर चंदीगडला जावे. नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबशा आणि दगड सिमेंटमध्ये बसवून, वर्षानुवर्षे कोणाला न सांगता, जंगलात एक नगरी उभी केली. १९७६ साली ती लोकांसाठी उघडली आणि आज देशोदेशींचे लोक ती पाहावयास येतात.

परंतु कोब्याचे एवढे गुणगान केल्यावर त्याच्याविरुद्धही चार शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. चिखल नको म्हणून आपण अंगणाचा इंच न् इंच बंद करू लागलो आहोत. कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत कोबा नेतो आणि मग झाड वाळले म्हणून हळहळतो. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. घरच्या झाडासाठी आदेशाची वाट का पाहावी? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी वस्त्यांत शिरले, ती रात्र आपण विसरला नसाल. त्या पुराची कारणे अनेक आहेत. पण पडलेले पाणी जिरावयाला जमीनच उरली नाही तर ते कोणाच्या तरी घरातच जाणार, हे समजावयाला शास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून जेथे चालावयाचे, बसावयाचे, धुवावयाचे तेथे कोबा करावा; बाकी जमिनीला आकाश पाहू द्यावे.

आता शेवटचा आणि आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. ओले सिमेंट हे दाहक असते. साबणाने, सोड्याने हात सोलतात, त्याहून ते तीव्र. जो मिस्त्री दिवसभर मसाल्यात हात घालतो, जी रेजा अनवाणी पायांनी ओल्या मालात उभी राहते, त्यांची कातडी जळते, बोटांना चिरा पडतात. सिमेंटमधील क्रोमच्या अंशामुळे काहींना असा इसब जडतो की पुढे सिमेंटला हात लावणेच अशक्य होते. ज्याला दुसरे काम येत नाही, त्याला याचा अर्थ काय होतो, याचा विचार करावा. फरशी कापताना उडणारी धूळ फुप्फुसांत बसते आणि तेथून निघत नाही. यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. रबरी हातमोजे, गमबूट, कापताना पाण्याची धार आणि तोंडाला चांगला मास्क, हात-पाय धुवावयाला स्वच्छ पाणी. डोळ्यांत सिमेंट उडाले तर पुष्कळ वेळ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे न्यावे. कोब्याला चौदा दिवस पाणी देणाऱ्या घराने कोबा करणाऱ्याला हात धुण्यापुरती एक बादली नाकारू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

१९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर घ्यावा आणि त्यातून मजुरांच्या मुलांचे शिक्षण, आजारपण, बाळंतपण, अपघात यांसाठी मदत द्यावी, असे ठरले. २०११ साली महाराष्ट्रात त्यासाठी कल्याणकारी मंडळ स्थापन झाले, आणि आता नव्या कामगार संहितांतही ही तरतूद घेतली आहे. परंतु नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी ठिय्यावर उभा राहणारा माणूस आज एकाकडे दोन दिवस, उद्या दुसऱ्याकडे तीन दिवस काम करतो. त्याचे नव्वद दिवस मोजणार कोण? त्याला वर्षभर काम असते, पण त्याच्या कामाचा कागद कोठेच नसतो. आपण त्याला एवढे तरी द्यावे: काम झाले की एका कागदावर त्याचे नाव, कामाच्या तारखा, दिलेली मजुरी लिहून खाली सही करावी. दाखल्यासाठी धडपडताना हातात कागद असलेल्या माणसाला निदान बोलता तरी येते.

गुरुजींनी पुढे तेच केले. दुसऱ्या वेळी काम संपले, तेव्हा त्यांनी मिस्त्रीला आणि दोन्ही रेजांना, सुंदर बाळबोध अक्षरांत, एकेक चिठ्ठी लिहून दिली. त्यांपैकी एकीला वाचता येत नव्हते. तिने आमच्याकडून ती वाचून घेतली आणि विचारले, "भाऊ, यात माझं पूरं नाव लिहिलं आहे ना?" आम्ही म्हणालो, "लिहिलं आहे, बाई. बापाच्या नावासकट." तिने चिठ्ठी घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, आणि ती पिशवी लुगड्याच्या ओच्यात खोचली. इतकी वर्षे दुसऱ्यांची अंगणे तिने केली होती. तिचे नाव कोणी कागदावर लिहिण्याची ती पहिली वेळ होती.

आज घरी गेल्यावर आपल्या अंगणाकडे एकदा पाहावे. भेग दिसली तर काच चिकटवावी, आणि भेग नसेल तर ज्याने तो कोबा केला त्याचे नाव आठवून पाहावे. आठवले तर आपले भाग्य. नाही आठवले, तर पुढच्या कामाच्या वेळी ते आधी विचारून घ्यावे.

चिटणिसांनी दिलेली वेळ संपली आहे आणि अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत.